हजेरीवही

वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी
मी कारखान्याचं कपाट उघडलं.
वरच्या खणात जपमाळ, चष्म्याची तुटकी काडी.
खालच्या खणात चाळीस मास्क,
सील न फोडलेले, बिलासकट.
बिलावरची तारीख
माझ्या पहिल्या कम्युनियनच्या महिन्यातली.

तपासनीस आला की खोकं टेबलावर यायचं,
गेला की परत खणात.
कायदा असा वर्षातून एकदा
आमच्याकडे कॉफी प्यायला यायचा,
दोन चमचे साखर घ्यायचा
आणि सही करून जायचा.

दोरु नदीच्या उत्तरेला, आमच्या डोंगरात
दगड पोथीसारखा उलगडतो, पान पान.
आजोबांच्या काळात शाळेच्या पाट्या निघायच्या,
बोटीत बसून कुठल्या कुठल्या देशांत जायच्या;
तिथलं कुणी पोर थुंकी लावून
चुकलेली बेरीज पुसायचं.
आता छपरं होतात, स्वयंपाकाचे ओटे होतात.
धूळ तीच.
ती कशानं पुसतात ते अजून कुणाला कळलेलं नाही.

माझे वडील दुष्ट नव्हते.
ईस्टरला प्रत्येक घरी गोड पाव पाठवायचे.
एर्मेलिंदा अडली तेव्हा मध्यरात्री
स्वतः गाडी हाकत तिला इस्पितळात नेलं.
फक्त पातीवर पाणी सोडणारा तो पंप,
धूळ जागच्या जागी बसवणारा,
तो पुढच्या वर्षी.
पुढचं वर्ष हा आमच्याकडचा
सगळ्यात जुना कामगार.

अदेरितू सतरा वर्षं कापयंत्रावर होता.
वहीत चार.
उरलेली तेरा शुक्रवारच्या पाकिटात, रोख, बिनपावतीची.
त्या तेरातली शेवटची दोन माझ्या अक्षरात आहेत,
म्हणजे नाहीत.
आजारभत्त्याच्या कार्यालयाला वही वाचता येते,
छाती येत नाही.

वकील तेलेश म्हणाले,
गप्प राहिलात तर कुणी विचारणार नाही.
बोललात तर मागचे हप्ते, दंड, व्याज;
जमीनही विकावी लागेल कदाचित.
भला माणूस. या सल्ल्याचे त्यांनी
निम्मेच पैसे घेतले.

मी डुकराच्या मांडीचं सुकं मांस नेलं, आणि एक पाकीट.
अदेरितू खिडकीशी बसलेला,
नाकात नळी, शेजारी यंत्राची घरघर.
पाकिटाकडे त्यानं पाहिलं,
जसं आपण दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पत्र पाहतो.
"पैसे नको," तो म्हणाला, आणि थांबला.
"तारखा." पुन्हा थांबला.
"तारखा दे, लुदोविना."
एर्मेलिंदानं त्याचं वाक्य उचललं:
सेंट मार्टिनच्या दिवशी आला होता तो कामावर.
तुझ्या आईनं भाजलेले चेस्टनट दिले होते,
ओंजळभर, कागदात.
कोट घालायला अजून तो खिसा चाचपतो.

रात्री कारखान्याच्या नावाचा कागद घेतला.
अकरा नोव्हेंबरपासून, सतरा वर्षं,
कोरड्या पातीवर, पाण्याविना, मास्कविना,
कुणाच्या हुकमानं?
"माझे वडील" असं लिहिलं. खोडलं.
"मालक" लिहिलं.
मग मालकांची नावं द्यायची होती,
तर दोन निघाली.

पंप मार्चमध्ये बसला.
पाणी डोंगरातलं, बर्फासारखं;
दुपारपर्यंत पोरं कुरकुरायला लागली:
बाई, धूळ नाही हे खरं,
पण बोटं बधिर होतात.
मी म्हणणार होते, बघू,
पुढच्या

आणि जीभ चावली.
पेटी तिसऱ्या दिवशी आली:
रबरी हातमोजे, बारा जोड.
कात्री सापडेना.
सील मी दातांनीच फोडलं.